शहरातला शिकारी आणि पारव्याच्या घशातला आजार

समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर एक शिक्रा बसला होता. पायाखाली होला. मान खाली घालून तो एकेक पीस उपटून टाकत होता आणि ती पिसं वाऱ्याबरोबर आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन पडत होती. दहा-बारा मिनिटांत त्याने वरचा भाग संपवला, उरलेला होला पंजात धरला आणि मागच्या गल्लीतल्या पर्जन्यवृक्षाकडे उडाला. तिथे त्याचं घरटं आहे हे मला नंतर पिल्लांच्या ओरडण्यावरून कळलं.

तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. एवढ्या सिमेंटच्या गर्दीत एक शिकारी पक्षी नुसता तग धरून नाही, तर पिल्लं वाढवतोय. होले, पारवे, चिमण्या, खारी, पाली, सगळं हाताशी. शहर त्याला मानवलं असंच कोणीही म्हणेल. पण पोट भरणं आणि मानवणं यांत केवढं अंतर असू शकतं, ते अमेरिकेतल्या एका वाळवंटी शहरातल्या अभ्यासाबद्दल वाचताना कळलं. तेव्हापासून शिक्र्याच्या पंजात होला दिसला की माझी नजर आधी होल्याच्या गळ्याकडे जाते.

ते शहर म्हणजे अ‍ॅरिझोना राज्यातलं टूसॉन. भोवताली निवडुंगांचं रान, उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर. शहरात मात्र हिरवळ, गोल्फची मैदानं, बाहेरून आणून लावलेली निलगिरीची आणि पाइनची उंच झाडं, परसदारी पोहण्याचे तलाव, आणि पाखरांसाठी टांगलेल्या दाण्याच्या ताटल्या. दाणा आणि पाणी बारा महिने मिळायला लागलं की होले किती वाढतात हे आपल्याला सांगायला नको. होले वाढले तसा त्यांच्यामागून कूपर्स हॉक आला. हा आपल्या शिक्र्याचाच अमेरिकेतला भाऊबंद: तसेच आखूड पंख, लांब शेपटी, झाडांच्या गर्दीतून सुळकन येऊन झडप घालण्याची तीच पद्धत. आकाराने शिक्र्यापेक्षा मोठा.

अ‍ॅरिझोना विद्यापीठातल्या क्लिंट बोल आणि विल्यम मॅनन या दोघांनी १९९४ ते १९९७ या काळात टूसॉनमधली घरटी आणि शहराबाहेरच्या रानातली घरटी यांची तुलना केली. सुरुवातीला सगळं शहराच्याच बाजूने दिसत होतं. शहरात घरटी जास्त दाट होती, तीच घरटी पुन्हा वापरात येत होती, माद्या अंडी लवकर घालत होत्या आणि एका वेळची अंडीही थोडी जास्त असायची. पक्षीशास्त्रात ही सगळी भरल्या घराची लक्षणं.

मग पिल्लं मरायला लागली. रानातल्या घरट्यांत शंभरात पाचही पिल्लं मेली नाहीत. शहरातल्या घरट्यांत निम्म्याहून जास्त मेली, आणि त्या मृत्यूंपैकी सुमारे ८० टक्के एकाच रोगाने झाले होते. रोगाचं नाव ट्रायकोमोनियासिस. जिवंत पिल्लांचे घसे तपासले तेव्हा शहरातल्या ८५ टक्के पिल्लांत त्याचा जंतू सापडला, रानातल्या ९ टक्के पिल्लांत. घरट्यात येणारी शिकार पाहिली तर शहरात शंभरातली ऐंशीहून जास्त भक्ष्यं होले-पारव्यांच्या जातीची, रानात दहाच्या आसपास.

हे दोन्ही आकडे शेजारी ठेवले की गोष्ट उलगडते. पिल्लांना रोग आईबापच देत होते, घासाबरोबर.

हा जंतू म्हणजे एकाच पेशीचा जीव. विषाणू नाही, जिवाणूही नाही. अमांशाचा अमीबा असतो ना, त्या गोतावळ्यासारखा, फक्त याला पुढे चार बारीक शेपट्या असतात आणि त्या हलवत तो ओलाव्यात पोहतो. सूक्ष्मदर्शकाखाली ताजा थेंब ठेवला तर थरथरत्या भोपळ्याच्या बीसारखा दिसतो. त्याचं नाव ट्रायकोमोनास गॅलिनी. तो राहतो पारव्या-होल्यांच्या तोंडात, घशात आणि गळ्यातल्या अन्नपिशवीत. बहुतेक पारव्यांना त्याचा काही त्रास होत नाही. हजारो वर्षांचा शेजार आहे, एकमेकांना सांभाळून घेतात.

पारव्यांच्या पिढीतून पिढीत तो कसा जातो हे पाहण्यासारखं आहे. पारव्याची पिल्लं जन्मल्यावर पहिले काही दिवस दाणा खात नाहीत. आई आणि बाप दोघंही आपल्या अन्नपिशवीच्या अस्तरातून फाटलेल्या दुधासारखा पांढरट, चरबीदार पदार्थ तयार करतात. याला पारव्याचं दूध म्हणतात. पिल्लू आपली चोच आईच्या तोंडात पार आत खुपसतं आणि ते दूध ओढून घेतं. आपल्या खिडकीच्या ग्रिलमागे हे कितीदा तरी घडतं. त्या दुधाबरोबर जंतूही पिल्लात उतरतो. म्हणून ज्या शहरात पारवे दाट, तिथे जंतूचा मुक्काम पक्का. त्याला बाहेर फार काळ जगता येत नाही, कारण कोरड्या दिवसांसाठी कवच करून बसण्याची सोय त्याच्याकडे नाही. ओलावा गेला की तो मरतो. ही त्याची एक कमजोरी पुढे उपयोगी पडते.

आता कूपर्स हॉकच्या घरट्यात या. नर ताजा, अजून कोमट असलेला होला आणतो. मादी त्याचे बारीक तुकडे करून एकेका पिल्लाच्या चोचीत ठेवते. होल्याच्या घशाचा, मानेचा तुकडा ज्याच्या वाट्याला आला, त्याच्या तोंडात जंतू गेला. काही दिवसांत जिभेच्या मुळाशी, टाळूला, घशाच्या कडेला पिवळट चिवट गाठी धरतात. हात लावला तर वाळक्या पनीरच्या खड्यासारख्या लागतात. त्या मोठ्या होतात, टाळूच्या हाडापर्यंत पोचतात, घसा बुजवतात. पिल्लू चोच उघडतं, घास घेतं, पण गिळता येत नाही. घरट्यात मांस पडलेलं आणि पिल्लू उपाशी मरतं. पोटभर अन्नाच्या शहरात भुकेने मरण येण्याचा हा प्रकार वाचला तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नव्हतो.

अभ्यासक झाडावर चढून पिल्लं पिशवीत घालून खाली आणतात, चोच हलकेच उघडून कापसाची काडी घशात फिरवतात, ती काडी पोषक द्रवात बुडवून ठेवतात आणि काही दिवसांनी त्या द्रवात जंतू वाढलाय का ते पाहतात. पिल्लाचं काम दोन-तीन मिनिटांत उरकतं. त्या दोन-तीन मिनिटांसाठी उन्हात ती उंच झाडं चढायची, तीही वरून मादी डोक्यावर झेपावत असताना. वर दिलेल्या प्रत्येक टक्क्यामागे ही चढाई आहे.

हा रोग नवा नाही. पाळीव ससाण्यांना शिकारीला नेणाऱ्या बाजदारांना तो शेकडो वर्षांपासून माहीत आहे, आणि जाणते बाजदार ससाण्याला पारवा देताना त्याचं डोकं, मान आणि गळ्याची पिशवी काढून टाकतात. त्याहून जुना पुरावाही सुचवला गेला आहे: टायरॅनोसॉरस जातीच्या डायनासोरांच्या खालच्या जबड्यात जी गुळगुळीत भोकं सापडतात, ती याच प्रकारच्या रोगाने पडली असावीत असं काही शास्त्रज्ञांनी २००९मध्ये मांडलं. शिकारी पक्षी हे डायनासोरांचेच वंशज, त्यामुळे हे वाचून मला नवल कमी आणि कळवळा जास्त वाटला.

पण एक कोडं राहतं. तोच होला आईबापही खातात. मग ते का मरत नाहीत?

याचं उत्तर मिळायला २०१४ उजाडावं लागलं. एलिझाबेथ अर्बन आणि मॅनन यांनी पक्ष्यांच्या तोंडातल्या ओलाव्याचा आंबटपणा मोजला. आंबटपणा पीएचमध्ये मोजतात: सातच्या जवळ म्हणजे साध्या पाण्यासारखं, आकडा जितका खाली तितकं आंबट. घरट्यातल्या पिल्लांच्या तोंडात तो ६.८च्या आसपास निघाला, घरटं सोडलेल्या आणि मोठ्या पक्ष्यांत ६.१च्या. ऐकायला फरक चिमूटभर, पण पीएचची पट्टी अशी आहे की एक आकडा उतरला की आंबटपणा दहा पटींनी वाढतो. म्हणजे मोठ्या पक्ष्याचं तोंड पिल्लाच्या तोंडापेक्षा कित्येक पट आंबट. जंतूला मवाळ तोंड मानवतं, आंबट तोंडात त्याला टिकणं अवघड जातं. पिल्लू पंख फुटून घरट्याबाहेर पडेपर्यंतचे ते चार-पाच आठवडे, तेवढीच धोक्याची फट. टूसॉनमध्ये नेमक्या त्याच फटीत होले येऊन पडत होते.

सुरुवातीला या सगळ्याला ‘पर्यावरणीय सापळा’ म्हटलं गेलं. दिव्यावर पतंग झेपावतो तसं. पतंगाच्या अंगात उजेडाच्या आधाराने उडायची सवय आहे, ती रानात त्याच्या भल्याची होती, पण दिवा लागला आणि तीच सवय जिवावर उठली. कूपर्स हॉकची सवय काय, तर जिथे भक्ष्य भरपूर तिथे घरटं करायचं. शहराने भक्ष्य दिलं आणि त्यात आजार दडवून दिला.

शब्द नेमका आहे, मनाला पटतो. म्हणूनच मॅनन आणि सहकाऱ्यांनी पुढे काय केलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्यांनी पिल्लांच्या मृत्यूवर हिशेब थांबवला नाही. पक्ष्यांच्या पायात ओळखीची कडी घातली, काहींना माग काढणारे छोटे रेडिओ लावले आणि वर्षानुवर्षं पाहत राहिले की घरटं सोडल्यावर किती जगतात, मोठे पक्षी किती वर्षं टिकतात, कुठे घरटी करतात. २००८मध्ये त्यांनी निकाल मांडला: टूसॉनची संख्या बाहेरून येणाऱ्या पक्ष्यांवर तगून नाही, ती स्वतःच्या बळावर वाढते आहे. पिल्लं रोगाने जातात हे खरंच, पण वाचलेल्यांना अन्न मुबलक मिळतं आणि मोठे पक्षी चांगले टिकतात. जमेची बाजू खर्चाच्या बाजूपेक्षा जड निघाली. ज्यांनी सापळ्याचा विचार मांडला त्यांच्यातल्याच एकाने दहा वर्षं पुढे मोजत राहून तो बदलायला लावला, याचं मला मोठं मोल वाटतं.

आणि उत्तरेकडच्या शहरांतला प्रकार बघा. विस्कॉन्सिन, नॉर्थ डकोटा आणि कॅनडातलं व्हिक्टोरिया शहर इथल्या कूपर्स हॉकच्या पिल्लांत हाच जंतू शोधला गेला. शंभरात तीन पिल्लांतसुद्धा तो सापडला नाही. व्हिक्टोरियाही शहरच आहे, तिथेही पक्षी वस्तीतल्या झाडांवरच घरटी करतात. पण तिथला हॉक मुख्यतः रॉबिन, चिमण्या, स्टारलिंग असे पक्षी मारतो, होले कमी. एकाच जातीचा पक्षी, दोन शहरं, दोन वेगळी ताटं, दोन वेगळे आजार-हिशेब. ‘शहर शिकारी पक्ष्यांना वाईट’ असं कोणी सरसकट म्हणालं की मी हे उदाहरण पुढे ठेवतो. आधी विचारायचं ते हे: त्या शहरात तो खातो काय?

दक्षिण आफ्रिकेत केपटाउनमधल्या काळ्या ससाण्यांवरचा अभ्यासही याच दिशेला जातो. ब्लॅक स्पॅरोहॉक नावाचे हे पक्षी पारवे-होले भरपूर खातात. त्यांच्या पिल्लांची तब्येत, रक्तातले परजीवी, रोगप्रतिकारशक्ती असं बरंच काही तपासून अभ्यासकांना शहरीपणाचा ठळक तोटा दिसला नाही. वर्षभर सारखं मिळणारं अन्न कदाचित पिल्लांना सावरून धरत असावं, असा त्यांचा कयास.

पारव्यांबरोबर घशाचा जंतू तेवढा येतो असंही नाही. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात फ्लाको नावाचं एक युरेशियन गरुड-घुबड होतं, आपल्याकडच्या शृंगी घुबडाचा थोरला भाऊ म्हणा. २ फेब्रुवारी २०२३ला कोणीतरी पिंजऱ्याची जाळी कापली आणि ते बाहेर पडलं. पिंजऱ्यात वाढलेलं घुबड काय शिकार करणार असं लोकांना वाटलं होतं, पण ते शिकलं. वर्षभर उंदीर आणि पारवे मारून मॅनहॅटनमध्ये राहिलं. शहर त्याच्या प्रेमात पडलं. फेब्रुवारी २०२४मध्ये एका इमारतीच्या आवारात ते जखमी सापडलं आणि गेलं. शवविच्छेदनात आपटल्याच्या जखमा होत्याच, पण त्याशिवाय दोन गोष्टी निघाल्या. पारव्यांतून आलेला हर्पीस विषाणू, ज्याने यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा, मेंदूपर्यंत नासधूस केली होती. आणि रक्त गोठू न देणारी उंदीर मारण्याची चार वेगवेगळी औषधं. तपासणाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं की जखम झाली नसती तरी या दोन कारणांनी ते वाचलं नसतं. उंदीर आणि पारवा, शहराची दोन हुकमी भक्ष्यं, आणि दोघांनी एकेक ओझं आणलं.

उंदराच्या औषधाबद्दल थोडं. ही औषधं खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस सुस्त फिरतो आणि सुस्त उंदीर घुबडाला सोपा सापडतो. विष यकृतात साठतं. मॅसॅच्युसेट्समध्ये उपचारासाठी आलेल्या ४३ रेड-टेल्ड हॉक पक्ष्यांची तपासणी २०२०मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांतल्या एकूण एक पक्ष्यात हे विष होतं. विष म्हणजे रोग नव्हे हे मान्य, पण ज्याचं रक्त आधीच पातळ झालंय त्या पक्ष्याला एखादी साधी खरचट किंवा एखादा जंतू जड जाणार हे उघड आहे.

डासांचा रस्ता वेगळा. वेस्ट नाईल विषाणू १९९९मध्ये न्यूयॉर्कमध्ये अवतरला आणि कावळ्यांबरोबर घुबडं, हॉकही दगावले. तो पसरवणारे क्युलेक्स डास तुंबलेल्या गटारात, घाण पाण्यात खुशाल वाढतात. असं पाणी शहर कधी कमी पडू देत नाही. बर्ड फ्लू मात्र परत ताटातूनच येतो. २०२२मध्ये अमेरिकेत टकला गरुड म्हणजे बाल्ड ईगल मोठ्या संख्येने मेले, कारण ते आजारी आणि मेलेली बदकं खातात. आपल्याकडे जानेवारी २०२५मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात कावळे मरून पडले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने गेले. मेलेला कावळा रस्त्यावर किंवा उकिरड्यावर पडू दिला तर त्याच्यावर पहिली येते ती घार. म्हणून अशा वेळी मेलेली पाखरं ताबडतोब, हात न लावता, पशुसंवर्धन विभागाच्या सूचनेप्रमाणे उचलली जाणं हे कोंबड्यांइतकंच घारींसाठीही गरजेचं आहे.

२०२५च्या पावसाळ्यात मुंबईत दादरचा कबुतरखाना बंद करण्यावरून केवढं रण पेटलं होतं. एका बाजूला श्रद्धा आणि भूतदया, दुसऱ्या बाजूला माणसांच्या फुप्फुसांचे आजार. दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलणारे लोक मी ऐकले. त्यात शिक्रा, बहिरी ससाणा, गव्हाणी घुबड यांचं नावही कुठे आलं नाही. खरं तर एका जागी रोज पोती रिकामी होतात तेव्हा हजार पारवे एकमेकांच्या चोचीला चोच लावून एकाच ओल्या दाण्यावर, एकाच हौदावर जमतात. त्या गर्दीत जो पारवा आजारी आहे तो मंद उडतो, आणि शिकारी नेमका त्यालाच उचलतो. आजाऱ्याला निवडून काढण्याचं शिकाऱ्याचं जे काम रानात कळपाला निरोगी ठेवतं, तेच इथे त्याच्या स्वतःच्या पिल्लांवर उलटू शकतं. भूतदया म्हणून टाकलेला दाणा कोणाकोणाच्या घशापर्यंत पोचतो, हे त्या वादात कोणीतरी बोलायला हवं होतं.

ब्रिटनमध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर दिसलं. तिथे घरोघरी बागेत पाखरांना दाणा ठेवतात. २००५पासून हाच घशाचा जंतू पारव्यांकडून ग्रीनफिंच नावाच्या छोट्या हिरव्या पाखरांत शिरला, दाण्याच्या ताटल्यांवरून आणि पाण्याच्या भांड्यांतून. ग्रीनफिंचची संख्या सुमारे ४३ लाखांवरून २००९पर्यंत २८ लाखांवर आली. त्या पाखरांना मारून खाणाऱ्या ससाण्यांच्या ताटातही मग तोच जंतू.

आमच्या गॅलरीत मातीचं परळ आहे, उन्हाळ्यात पाणी ठेवायला. ते बंद करावं असं मला वाटत नाही. एप्रिलमध्ये पाखरांना पाणी लागतंच. पण आता मी रात्री उरलेलं पाणी ओतून देतो, सकाळी परळ घासून कडक उन्हात पालथं घालतो आणि पूर्ण वाळल्यावरच भरतो. दोन परळं आळीपाळीने वापरली की खोळंबा होत नाही. वाळणं हाच त्या जंतूचा शेवट आहे, साबणापेक्षा ऊन जास्त कामाचं. दाणा टाकत असाल तर एकाच जागी ढीग नको, आणि ओला, भिजलेला दाणा तर नकोच. इमारतीत उंदरांसाठी औषध टाकायचा विषय निघाला की सापळा आणि कचऱ्याची झाकणं यांचा विषय आधी काढावा.

आणि एखादा शिक्रा किंवा घुबड जमिनीवर फुगून बसलेलं, चोच अर्धवट उघडी, जवळ गेलं तरी न उडणारं दिसलं, तर त्याला मटण, पाणी काहीही भरवू नका. घशात गाठी असतील तर घास अडकेल, पाणी श्वासनलिकेत जाईल. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकावर फोन करा. वेळेत सापडला तर या घशाच्या रोगाला औषध आहे. माणसाच्या अमांशावर जे मेट्रोनिडॅझोल देतात, त्याच घराण्यातली औषधं पक्ष्यांचे डॉक्टर वजन करून, मोजून देतात. घरी अंदाजाने गोळी कुटून द्यायची नाही.

पर्जन्यवृक्षावरच्या त्या घरट्यात तीन पिल्लं होती. मे महिन्याच्या शेवटी दोन पिल्लं फांदीवर येऊन पंख फडफडवताना दिसली. तिसरं दिसलं नाही. त्याला काय झालं हे खालून कळण्यासारखं नव्हतं. बाप मात्र त्या संध्याकाळीही टाकीवर आला, पायाखाली होला घेऊन, आणि मी दुर्बीण काढली.